को. मा.

बाबा गेले त्याच्या सतराव्या दिवशी आम्ही तिन्ही भावंडं त्यांच्या कपाटापुढे सतरंजी टाकून बसलो. तेरावं पार पडलं होतं, पाहुणे आपापल्या गावी परतले होते आणि धाकट्याचं पुण्याचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. मृत्यूच्या दाखल्याच्या पंचवीस प्रती काढून आणल्या होत्या. पंचवीस पुरत नाहीत हे पुढे कळलं. पेन्शनर माणसाला आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देऊन सांगावं लागतं. तो गेला हे मात्र प्रत्येक खिडकीवर नव्याने पटवून द्यावं लागतं.

कपाटाची किल्ली बाबा जानव्याला अडकवत. पन्नासेक वर्षं ती त्यांच्या पोटावर आंघोळ करत आली आणि शेवटी घड्याळ, चष्मा आणि कवळी यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात आली. लहानपणी त्या कपाटात काय असेल याचे अंदाज आम्ही रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बांधत असू. धाकट्याला वाटे, पिस्तूल. मला वाटे, बिस्किटं. ताई मोठी होती, तिला काय वाटे ते ती सांगत नसे.

निघालं ते असं. फायली सतरा. प्रत्येकीवर बाबांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: वीज, पाणी, सीजीएचएस, महागाई भत्ता – फरक, ताईचं लग्न – खर्च, ताईचं लग्न – आलेला आहेर, आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत जाड, ‘इतर’. बाबा १९६१ साली कृषी भवनात कारकून म्हणून चिकटले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. सरकारी माणसाचं मन कुठे असतं असं मला कुणी विचारलं तर मी ‘इतर’ नावाच्या फायलीत असतं असं सांगेन. वर्गीकरणात जे बसत नाही आणि टाकूनही देववत नाही ते सगळं तिथे जातं. त्या फायलीत माझं दहावीचं नापासाचं प्रगतिपुस्तक होतं. सही करायला मी बाबांना ते कधीच दाखवलं नव्हतं. सही मीच केली होती. म्हणजे गुपितांचा हिशेब उघडला तेव्हा पहिली बाकी माझ्याच नावावर निघाली.

फायलींच्या मागे हिशेबाच्या छोट्या डायऱ्या होत्या. १९७४ ते १९८८, एकूण पंधरा. दूध, भाजी, रॉकेल, बसचा पास, वाण्याचं देणं, ‘आईस (माझ्या आजीला) ओवाळणी ५.००’. आमच्या लहानपणीची अख्खी दिल्ली त्या डायऱ्यांत पैशापैशाने नोंदवलेली होती. दिल्ली मिल्क स्कीमच्या बाटल्या, कॅनॉट प्लेसच्या सुपर बाजारातली खरेदी, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेची फी, गणपतीची वर्गणी. धाकटा पानं उलटता उलटता थांबला आणि म्हणाला, “हे को. मा. काय आहे?”

नोंद महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी. ‘को. मा. १, सा. १ – ७.५०.’ पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. वर्षाला बारा, वर्षानुवर्षं. पावसाळा असो, आणीबाणी असो, एशियाड असो, को. मा. चुकलेली नव्हती. राजीव गांधींच्या सरकारने १९८५ साली केंद्राच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला, त्यानंतर तर नोंदी महिन्याला दोन झाल्या. आणि १९८८च्या मे महिन्यानंतर एकदम बंद.

“कोर्टाचा मामला,” मी म्हणालो.

“कोर्टात दर महिन्याला साडेसात रुपयांत भागतं का?” धाकटा म्हणाला. तो चार्टर्ड अकाउंटंट आहे. “हे कोणीतरी माणूस आहे. को. मा. ही आद्याक्षरं आहेत.”

ताई बराच वेळ गप्प होती. मग कोरड्या आवाजात म्हणाली, “कोणीतरी मालती.”

हसू येण्यासारखंच होतं, पण कुणी हसलं नाही. कारण ताईने लगेच पुढच्या अक्षरावर बोट ठेवलं. “सा. एक. म्हणजे साडी.”

“साडेसात रुपयांत साडी?” धाकट्याने पुन्हा लेखापरीक्षण केलं, पण त्याचाही आवाज पडला होता. शनिवारी दुपारी बाबा ‘ऑफिसात जादा काम आहे’ म्हणून जात, हे आम्हा तिघांनाही आठवत होतं. दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुट्टी असे हे मात्र आम्हा तिघांनाही त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

मालती पंधरा मिनिटांत मोठी झाली. तिला अंबाडा आला, चष्मा आला, ती बहुधा टायपिस्ट झाली, आणि तेराव्याला मागच्या रांगेत बसून न जेवता निघून गेलेल्या एका अनोळखी बाईंशी तिचा चेहरा जुळायला लागला. (त्या बाई गॅस एजन्सीत काम करणाऱ्या शेजारणीच्या नणंद होत्या आणि त्यांचा उपास होता, हे नंतर उघड झालं.) पलीकडच्या खोलीत आई पडली होती. तिचं श्रवणयंत्र टेबलावर होतं. तरीही आम्ही कुजबुजत होतो.

मला खरं तर वेगळी आशा होती. बाबांच्या कपाटातून कवितांची वही निघावी असं माझ्या मनात कुठेतरी होतं. मराठी घरांत ही आशा बहिणाबाईंनी लावून ठेवली आहे. जळगावात सोपानदेव चौधरी कवी म्हणून नाव मिळवून होते, आणि त्यांची निरक्षर आई जात्यावर, शेतात, चुलीपुढे जे गात होती ते सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी अधूनमधून उतरवून ठेवत होते. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. घरात गुपित असं काही नव्हतंच, मुलाला सगळं ठाऊक होतं. गुपित होतं ते महाराष्ट्रापासून. मी त्या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा मला आठवतात ते सोपानदेव. स्वतः कवी असलेल्या माणसाने आईची वही काखोटीला मारून दुसऱ्याच्या दारात जायचं, आणि परत येताना घरातला मोठा कवी कोण याचा निकाल लागलेला असायचा. त्यांनी ते केलं, हे मला फार मोठं वाटतं. माझ्यासारखा असता तर वही ‘इतर’मध्ये टाकली असती. आज जळगावच्या विद्यापीठाला आईचं नाव आहे.

आमच्या वाट्याला मात्र को. मा. आली.

उलगडा केला तो धाकट्याने. १९८३च्या डायरीच्या मागच्या खिशात नाटकाची दोन तिकिटं होती, एकमेकांना चिकटलेली, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. नाटकाचं नाव फाटलेल्या भागात गेलं होतं. उरलेल्या भागावर सभागृहाचा पत्ता होता: कमानी ऑडिटोरियम, कोपर्निकस मार्ग.

को. मा.

दिल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मंडी हाऊसच्या गोल चक्रातून जे रस्ते फुटतात त्यांतला एक इंडिया गेटच्या दिशेने जातो, तो कोपर्निकस मार्ग. इंग्रजांच्या काळात त्याचं नाव लिटन रोड होतं. एका तोंडाला कमानी, जवळच दूरदर्शनची इमारत, एलटीजीचं नाट्यगृह, फरीदकोटच्या राजाचा वाडा (तिथे आता हरित लवाद बसतो), आणि सहा नंबरला जुनं महाराष्ट्र सदन. नवं सदन कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली झालं. ते भव्य आहे. पण दिल्लीत वाढलेल्या आमच्या पिढीला ‘सदन’ म्हटलं की कोपर्निकस मार्गावरचंच आठवतं. मुंबईहून आलेला आमदार, यूपीएससीच्या मुलाखतीला आलेला लातूरचा मुलगा आणि वरणभाताला आचवलेला कुणीही दिल्लीकर मराठी माणूस एकाच उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेला दिसे. ज्या मराठीत दर दुसऱ्या वाक्याला ‘मतलब’ येतो ती आमची मराठी तिथल्या वाढप्यांपुढे आपोआप शुद्ध होई.

“म्हणजे मालती कोपर्निकस मार्गावर राहत होती,” ताई म्हणाली. मालतीला सोडायला ती तयार नव्हती.

आता कोपर्निकसबद्दल दोन शब्द, कारण ताईचं बोलणं ऐकताना मला तोच आठवत होता. माणूस पोलंडमधल्या तोरून गावचा, जन्म १४७३. दहा वर्षांचा असताना बाप गेला, बिशप झालेल्या मामाने वाढवला आणि चर्चच्या नोकरीत चिकटवून दिला. म्हणजे आमच्या बाबांसारखाच कायम नोकरीतला माणूस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला चाळिशीतच सुचलं होतं. त्याचं एक लहानसं टिपण त्याने हाताने लिहून चार ओळखीच्यांत फिरवलं आणि मोठा ग्रंथ दाबून ठेवला. किती वर्षं? चार वेळा नऊ वर्षं, असं त्यानेच पोपला उद्देशून लिहिलं आहे. शेवटी ऱ्हेटिकस नावाचा एक तरुण गणिती १५३९ साली त्याच्याकडे येऊन राहिला आणि त्याने पिच्छा पुरवला तेव्हा कुठे ग्रंथ न्युरेम्बर्गला छापायला गेला. २४ मे १५४३ला कोपर्निकस वारला. छापील प्रत मरणाच्या दिवशी त्याच्या हातात ठेवली अशी आख्यायिका आहे. त्या प्रतीत काय होतं ते त्याने वाचलं असतं तर तो एक दिवस आधीच गेला असता. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिआंडरने ‘हे सगळं केवळ आकडेमोडीच्या सोयीसाठी आहे, खरंच असेल असं नाही’ अशी एक प्रस्तावना आपलं नाव न घालता पुढे चिकटवून दिली होती. लोक ती कोपर्निकसचीच समजत राहिले. ते बिंग जाहीरपणे फोडलं केप्लरने, १६०९ साली. माणूस गेला की त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायला नातेवाईकच लागतात असं नाही.

आणि त्याच्याही आयुष्यात एक मालती होती. आना शिलिंग नावाची घर सांभाळणारी बाई. चर्चच्या माणसाच्या घरात बाई कशाला, म्हणून बिशप दांतिस्कसने तिला काढून टाकायचं फर्मान काढलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा ताईने माझ्याकडे ‘बघ, मी काय म्हणत होते’ अशा नजरेने पाहिलं.

माझा मुद्दा वेगळा होता. कोपर्निकसच्या आधी टॉलेमीचं गणित चालत होतं. पृथ्वी मधोमध, बाकी सगळे तिच्याभोवती. ग्रह मध्येच थांबतात, उलटे चालतात, ते जुळवायला टॉलेमीवाले मोठ्या चक्रावर लहान चक्र बसवत. मुलांचं आईबापांविषयीचं गणित असंच असतं. मधोमध आम्ही. बाबा शनिवारी गायब का होतात? ऑफिसात जादा काम, एक चक्र. आई शनिवारी एकटीच मारुतीला का जाते? तिला साडेसाती आहे, दुसरं चक्र. येताना दोघांची वेळ जवळजवळ एकच कशी? बसचा गोंधळ, तिसरं चक्र. चाळीस वर्षं हे यंत्र कुरकुर न करता चाललं. आता एक नोंद सापडली आणि ती बसेना, तर आम्ही काय केलं? केंद्र हलवलं का? नाही. आकाशात मालती नावाचा एक नवा ग्रह बसवून दिला.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा धाकटा म्हणाला, “तू कॉलेजात शिकवायचं सोडलंस ते बरं झालं.”

मग एक डाग सापडला. १९७९च्या डायरीत, पानाच्या कडेला, चार आण्याच्या नाण्याएवढा, तेलाचा. कडेने तांबूस. ताईने डायरी नाकाशी नेली. पंचेचाळीस वर्षांनी काय वास येणार? पण कोपर्निकसचंही असंच झालं होतं. फ्रॉम्बोर्कच्या कॅथेड्रलमध्ये त्याला कुठे पुरलं हे कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. २००५ साली एक कवटी मिळाली. ती त्याचीच हे २००८ साली ठरलं, कशावरून, तर त्याने वर्षानुवर्षं वापरलेल्या एका पुस्तकात त्याचे गळून पडलेले केस होते, आणि ते पुस्तक स्वीडनच्या लुटीत उप्सालाला जाऊन पडलं होतं. ४६५ वर्षं. पुस्तकावर डोकं खाजवत वाचणाऱ्या माणसांनी धीर सोडू नये.

डाग पिवळा असता तर वरण. हा तांबडा होता. आमच्या घरात तांबडं असं काही शिजतच नसे.

इथे आमचं घर सांगायला हवं. बाबा वाईचे, देशस्थ. आई कारवारची, सारस्वत. १९६३ साली त्यांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्हीकडे जे झालं त्यापुढे पानिपत बरं. आजीने शेवटी होकार दिला तो एका अटीवर, सुनेने मासे सोडायचे. आईने सोडले. हे आमच्या घराण्याचं पुराण. सरोजिनीनगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आजी, आईबाबा आणि आम्ही तिघं राहत होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आजी ते पुराण सांगत असे. “कारवारची मुलगी, पण लग्नानंतर बांगड्याकडे वळून पाहिलं नाही.” मला बरीच वर्षं वाटे, आई हातातल्या बांगड्यांकडे का पाहत नाही.

आजीची नजर अधू होती पण नाक शाबूत होतं. शेजारच्या पंजाब्यांकडे अंडं फोडलं की आजी जपाची माळ थांबवून “आज त्यांच्याकडे पाहुणे दिसतात” म्हणायची.

संध्याकाळचे सात वाजले होते. आम्ही मालतीचं काय करायचं यावर आलो होतो. आईला कळता कामा नये यावर तिघांचं एकमत झालं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, सतरा दिवसांपूर्वी नवरा गेलेला, तिला हे सांगायचं म्हणजे पाप. धाकटा डायऱ्या पुण्याला घेऊन जाईल आणि रद्दीत घालेल, असं ठरलं. तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला.

“मालती कोण?” आई म्हणाली.

श्रवणयंत्र कानात होतं. कधीपासून, ते देव जाणे.

कुणी बोलेना. आई हळूहळू येऊन खुर्चीवर टेकली, हात पुढे केला. ताईने निमूटपणे १९७९ची डायरी दिली. आईने ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब. अंगठ्याने डाग चोळून पाहिला.

“हे माझ्याच हातून झालं होतं,” ती म्हणाली. “किती बोलले होते मला. सरकारी डायरी म्हणून.”

“आई, को. मा. म्हणजे कोपर्निकस मार्ग ना?” धाकट्याने विचारलं. त्याला निदान तेवढं तरी स्वतःच्या नावावर हवं होतं.

“कोपर्निकस कुणाला म्हणता येत होतं रे तेव्हा? आम्ही मंडी हाऊस म्हणायचो.” आईने डायरी मांडीवर ठेवली. “कोळंबी-मासे. सदनात कधी कोळंबी मिळायची, कधी मासे. जे असेल ते. म्हणून दोन्ही लिहायचे. पूर्ण शब्द लिहायला यांना लाज वाटायची.”

“आणि सा.?”

“साधी. साधी थाळी. ती यांची.”

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमाने सांगतो, कारण तिला क्रमाची फिकीर नव्हती. लग्नानंतर दहा-अकरा वर्षं तिने खरोखरच मासे सोडले होते. मग एका उन्हाळ्यात कारवारहून तिच्या वडलांच्या जाण्याची तार आली, आणि धाकटा पाळण्यात असल्यामुळे तिला जाता आलं नाही. त्या महिन्यात ती जेवेना. बाबांनी दोन आठवडे पाहिलं आणि एका दुसऱ्या शनिवारी तिला म्हणाले, मारुतीला जाऊन येते म्हणून सांग आणि बाबा खडकसिंग मार्गाच्या देवळाबाहेर थांब. (देवळात ती खरोखर जात असे, दर वेळी. “त्याच्याशी कशाला खोटं बोलू?”) तिथून बाराखंबा रोडने चालत मंडी हाऊस. बसचे पैसे वाचत, ते थाळीत जात. येताना बडीशेप, पदरात मारुतीचा प्रसाद. आजीच्या हातावर तो ठेवायचा आणि सरळ न्हाणीघरात जायचं.

“बाबा पण खायचे?” ताईने विचारलं. तिच्या आवाजात आता मालतीविषयी थोडी हळहळ होती, असं मला उगाचच वाटलं.

“छे. यांनी कधी शिवलंसुद्धा नाही. बटाट्याची भाजी खायचे, आणि माझे काटे मोजायचे. आज एकोणीस, म्हणायचे. मागल्या वेळेपेक्षा चार कमी आहेत, लहान मासा देऊन फसवलं आपल्याला.” आई हसली. सतरा दिवसांत पहिल्यांदा हसली. “घरात बोलायला जागा कुठे होती? तुम्ही तिघं, सासूबाई. तिथे समोरासमोर बसायला मिळायचं एक तास. कधी नाटक. ते तिकीट ना? त्या नाटकात यांना झोप लागली होती.”

मी त्या शनिवारांचा विचार करत होतो. आजी आम्हाला मेतकूट-भात कालवून द्यायची आणि आम्ही तिघं सरोजिनीनगरच्या व्हरांड्यात बसून आमचे आईबाप आमच्यासाठी केवढं राबतात असं म्हणत तो खायचो. म्हणत नव्हतो खरं तर. पण आता निबंध लिहिताना म्हणत होतो असं वाटतं.

“मग १९८८ला बंद का केलंत?” धाकटा. हिशेबात खंड पडलेला त्याला खपत नाही.

“सासूबाई गेल्या ना त्या वर्षी.”

“मग तर घरीच करता आलं असतं!”

“मनच होईना घरात करायला,” आई म्हणाली. “आणि सदनात जायचं, तर आता चोरून कुणापासून जायचं? एकदा गेलो. यांनी काटेसुद्धा मोजले नाहीत. परत आलो ते नाहीच गेलो.”

“आजीला कधीच कळलं नाही?”

आईने चष्मा काढून पदराने पुसला. हे काम ती बराच वेळ लावून करते.

“पहिल्याच वर्षी कळलं होतं. दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा गेले होते. मी प्रसाद हातावर ठेवला, तो त्यांनी डोळ्यांना लावला, आणि म्हणाल्या, शनिवारी येशील तेव्हा डोक्यावरून आंघोळ करत जा, नुसते हातपाय धुऊन भागत नाही. बस्स. पुन्हा तो विषय नाही. पाणी तापवून ठेवायच्या मात्र.”

म्हणजे त्या दोन खोल्यांत गुपित असं एकट्या आम्हा मुलांपासूनच होतं.

धाकट्याने एव्हाना डायऱ्या तारखेप्रमाणे लावायला घेतल्या होत्या. रद्दीचा बेत रद्द झाला होता. एका पानाशी तो अडला. डागाचंच पान. १० नोव्हेंबर १९७९, दुसरा शनिवार. बाकी सगळीकडे ‘को. मा. १, सा. १’. इथे मात्र स्वच्छ अक्षरात ‘को. मा. २, सा. १’.

“आई, इथे को. मा. दोन आहेत,” तो म्हणाला. “त्या दिवशी तू दोन खाल्लेस?”

“मी कशाला दोन खाईन?”

“मग बाबांनी?”

“सांगितलं ना, यांनी कधी शिवलं नाही.”

“पण साधी एक आहे, म्हणजे तीन माणसं होती. तिसरं कोण?”

आईने डायरी त्याच्या हातातून काढून घेतली, मिटली, आणि काठी टेकत उठली. दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिने कानातलं यंत्र काढलं आणि मुठीत धरलं.

“तेवढं मी गेल्यावर शोधा,” म्हणाली.